सव्वीस खुर्च्या : केनियाची १९६३ची निवडणूक वर्गात कशी घ्यावी

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाले तरी नोव्हेंबर सरत आला की आसपासच्या शाळांतून फोन येतो, “टीचर, ती केनियाची निवडणूक आमच्या नववीला घ्याल?” आता सगळीकडे जाणं होत नाही. म्हणून जे करत आले ते नीट लिहून ठेवते आहे. कुठल्याही शिक्षकाला हे वाचून करता यावं.

केनियाच का, हे आधी सांगते, कारण मुख्याध्यापक हेच विचारतात. ९ डिसेंबर १९६३ला गोव्यात विधानसभेसाठी पहिल्यांदा मतदान झालं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरला, केनिया स्वतंत्र झाला. पोर्तुगीज गेल्यावर दोन वर्षांनी आपण मत दिलं. केनियाच्या लोकांनी मात्र ब्रिटिश तिथे बसलेले असतानाच, १८ ते २६ मे १९६३ या दिवसांत, मतदान केलं. मुलांसमोर पहिल्याच तासाला हा फरक ठेवा आणि विचारा : राज्य सोडून जाणारा माणूस जाण्याआधी निवडणूक का घेतो? उत्तर मुलंच काढतात. किल्ल्या कुणाच्या तरी हातात द्याव्या लागतात, आणि तो हात लोकांनी निवडलेला असावा लागतो. मेमधली निवडणूक, १ जूनला अंतर्गत स्वराज्य आणि जोमो केन्याटा पंतप्रधान, १२ डिसेंबरला झेंडा. हा क्रम फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहा आणि आठवडाभर पुसू नका.

कार्यक्रम ९ ते १२ डिसेंबर असा ठेवला तर तारखा आपोआप जुळतात. तयारीला त्याआधी दोन शनिवार लागतात. सामान फारसं नाही. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, त्याच्या झाकणाला फट पाडून. सीलसाठी लाख आणि सुतळी. आफ्रिकेचा भिंतीवरचा नकाशा. फुलस्केप कागद. आणि सव्वीस खुर्च्या. बाकं चालत नाहीत, खुर्च्याच हव्यात. का ते पुढे येईल.

सव्वीस हा आकडा असा येतो. केनियाच्या प्रतिनिधिगृहात १२९ जागा होत्या. त्यांतल्या ११७ मतदारसंघांतून थेट निवडायच्या, आणि उरलेल्या १२ सदस्यांना निवडून आलेल्या सदस्यांनीच मग निवडायचं. पाच जागांमागे एक खुर्ची धरली की मतदारसंघांच्या चोवीस आणि खास निवडीच्या दोन होतात. खरं तर मतदारांनी त्या वेळी सिनेट आणि प्रांतांच्या विधानसभाही निवडल्या होत्या. ते सगळं मी गाळते, फक्त तोंडी सांगते. एका वर्षी हौसेने सिनेट घेतलं होतं आणि मुलं आकड्यांतच हरवली.

चोवीस खुर्च्या नकाशावर वाटा. देशाचे सात प्रांत आणि नैरोबी, असे आठ गट करा : किनारा, पूर्व, मध्य, रिफ्ट व्हॅली, न्यांझा, पश्चिम, ईशान्य आणि नैरोबी. रिफ्ट व्हॅली आणि न्यांझाला चार-चार, ईशान्येला एक, बाकीच्यांना तीन-तीन. ही वाटणी वर्गाच्या सोयीची आहे, हे मुलांना आधीच सांगून टाका. ईशान्येची एक खुर्ची मात्र हिशेबाने बरोबर आहे. तिथे पाच जागा होत्या.

आता पक्ष. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

कानू म्हणजे केनिया आफ्रिकन नॅशनल युनियन. केन्याटा, टॉम म्बोया, ओगिंगा ओडिंगा यांचा पक्ष. निशाणी कोंबडा. किकुयू आणि लुओ या दोन मोठ्या समाजांचं बळ त्यांच्यामागे. त्यांना मजबूत केंद्र सरकार हवं होतं. काडू म्हणजे केनिया आफ्रिकन डेमोक्रॅटिक युनियन. रोनाल्ड न्गाला, मासिंदे मुलिरो, डॅनियल अराप मोई हे पुढारी. कालेंजिन, मसाई, किनाऱ्यावरचे मिजिकेंडा अशा लहान समाजांचा हा पक्ष. त्यांना माजिंबो हवं होतं, म्हणजे प्रांतांच्या हाती खरी सत्ता. तिसरा आफ्रिकन पीपल्स पार्टी, पॉल न्गेई यांचा, कांबा समाजाच्या मुलखात जोर असलेला. कोंबड्याची निशाणी तशीच ठेवा. बाकीच्या दोघांना मुलांनी आपापली निशाणी काढू दे. निशाणी का लागते हेही त्यातून कळतं, कारण ज्याला वाचता येत नाही त्याचंही मत तितकंच मोलाचं.

पहिल्या वर्षी मी एक मोठी चूक केली. मुलांना म्हटलं, हवा तो पक्ष घ्या. केन्याटा सात वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा भोगलेला नेता, त्याची गोष्ट मी रंगवून सांगितलेली. वर्गातली सगळी बोलकी मुलं धावत कानूत गेली. काडूत उरली शेवटच्या बाकावरची सहा-सात. प्रचाराच्या तासाला त्यांना कुणी बोलूच देईना. “तुम्ही ब्रिटिशांची माणसं!” असा ओरडा झाला. एका मुलीला रडू फुटलं. ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिच्या आईला भेटायला गेले तेव्हा मला कळलं की मी इतिहास शिकवत नव्हते, जिंकणाऱ्याची बाजू शिकवत होते.

तेव्हापासून माझा नियम एकच. वर्गातले सगळ्यात चांगले बोलणारे काडूत. कानूला समजावून द्यावं लागत नाही, ते जिंकणारच असतात. काडूचं म्हणणं मात्र मन लावून समजावून घ्यावं लागतं. इंग्रजांनी डोंगराळ भागातली सुपीक जमीन गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवली होती. ते गेल्यावर ती कुणाला मिळणार? ज्यांची डोकी जास्त, त्यांना? मग रिफ्ट व्हॅलीतल्या मसाई गुराख्याने आपली गुरं कुठे न्यायची? हा साधा, पोटाचा प्रश्न आहे. काडूच्या मुलांना हाच प्रश्न एका फुलस्केपवर स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. भाषण पाठ करून घेऊ नका.

गोव्यातल्या मुलांना हे समजावण्यासाठी दूर जायची गरज नाही. १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल सांगा. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा, यावर आपण मत दिलं. विलीनीकरणाला फूल, वेगळेपणाला दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. आमच्या घरात सगळ्यांनी फुलाला मत दिलं होतं. मराठी शाळा, मराठी नाटकं, भजनं, देवळातलं कीर्तन, हे सगळं आमचं होतं, आणि महाराष्ट्र आम्हाला परका वाटत नव्हता. मोठ्या राज्यात आपलं लहानपण विरघळून जाईल, ही समोरच्यांची भीती आमच्या घरात कुणी गंभीरपणे ऐकली नाही. मला ती भीती काडूची कागदपत्रं वर्गासाठी तयार करताना कळली, चाळिशी उलटल्यावर. हे मी मुलांना सांगते. काही पालकांना रुचत नाही. तरी सांगते, कारण आजही गोव्यातल्या घराघरांत या दोन निशाण्यांची आठवण आहे. मूल घरी जाऊन आजोबांना विचारतं, “तुम्ही फूल की पानं?” आणि धडा तिथे पुढे चालू राहतो.

उमेदवार नववीचे असतील तर मतदार सातवी-आठवीतून घ्या. ईशान्येची एक खुर्ची सोडून तेवीस मतदारसंघ, प्रत्येकी सात मतदार, म्हणजे १६१ मुलं. शाळा लहान असेल तर पाच-पाच, ११५. संख्या विषम ठेवा, सरळ लढतीत बरोबरी होत नाही. प्रत्येक मतदाराला एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर तो कोण ते लिहिलेलं. “किआंबूत कॉफीच्या मळ्यात मजूर. भाऊ ब्रिटिशांच्या आणीबाणीत बंदी-छावणीत होता.” “मोंबासाच्या गोदीत हमाल.” “किसुमूला तळ्यावर मासे मारते.” “नाकुरूचा गोरा शेतकरी, जमीन विकावी की राहावं ते ठरत नाही.” “नारोकचा मसाई, दीडशे गुरं.” मुलाने मत द्यायचं ते या चिठ्ठीतला माणूस होऊन. मित्र उभा आहे म्हणून नाही. चिठ्ठ्या तुम्हीच लिहा. मुलांना लिहायला दिल्या की सगळे राजे आणि डाकू होतात.

नैरोबीच्या गटात निदान चार चिठ्ठ्या गोंयकारांच्या असू द्या. बार्देश आणि सासष्टीतली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पूर्व आफ्रिकेत नोकरीला होती. सरकारी कचेऱ्यांत कारकून, बँकेत, रेल्वेत, काही शिंपी. गावात त्यांना आफ्रिकार म्हणतात. चिठ्ठी अशी लिहा : “गव्हर्नरच्या कचेरीत वीस वर्षं कारकून. मुलगा गोव्यात बोर्डिंगमध्ये. साहेब जाणार. दोन वर्षांत केनियाचं नागरिकत्व घ्यायचं की नाही ते ठरवा.” ही दोन वर्षांची मुदत खरी होती, १२ डिसेंबर १९६५पर्यंत. या चिठ्ठीसाठी मी एकदा म्हापशाजवळच्या एका आंटीला वर्गात बोलावलं होतं. त्या १९६३ साली नैरोबीत बारा वर्षांच्या होत्या. मुलांनी विचारलं, “आंटी, तुम्हाला काय आठवतं?” त्या म्हणाल्या, रस्त्यावरून माणसांचे जथे “जोगो! जोगो!” असं ओरडत जायचे. जोगो म्हणजे कोंबडा. आणि घरात आईने कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली होती. तिला नवं कुलूप लावलं, आत पांढऱ्या चादरी घडी करून ठेवल्या. पण पेटी ना भरली, ना परत वर गेली. पलंगाच्या पायथ्याशी दोन वर्षं तशीच होती, येता-जाता बोटं ठेचायची. एवढं सांगून आंटी थांबल्या. वर्गात कुणी हललं नाही. तुमच्या वाड्यावर असा कुणी आफ्रिकार असेल तर त्यांना जरूर बोलवा. पुस्तकात हे मिळत नाही.

याच गटाला दोन माणसांची नावं सांगा. फिट्झ डिसोझा, केन्याटांना सात वर्षांची शिक्षा झाली त्या कापेनगुरियाच्या खटल्यात बचावाच्या वकिलांपैकी एक. ते १९६३च्या संसदेत गेले आणि उपसभापती झाले. आणि पियो गामा पिंटो. त्यांच्याकडे पुढे येते.

प्रचाराला एक अख्खा तास द्या, जास्त नको. प्रत्येक पक्षाला सहा मिनिटं आणि मतदारांचे प्रश्न. प्रश्न चिठ्ठीतल्या माणसाचाच हवा. “माझ्या गुरांचं काय?” चालेल. “तुमचा जाहीरनामा काय?” चालणार नाही.

मतदानाच्या दिवशी घाई करू नका. डबा सगळ्यांना उलटा करून दाखवा, रिकामा आहे हे प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीने हात घालून बघू दे. मग झाकण लावा, सुतळी बांधा, गाठीवर लाख वितळवून टाका. लाखेचा वास आला की मुलं एकदम गप्प होतात, दरवर्षी. आडोशाला चादर लावा. मतपत्रिकेवर निशाण्या एकाखाली एक, प्रत्येकीत दोन बोटांचं अंतर, आणि वर मतदारसंघाचं नाव, म्हणजे सगळ्यांना एकच डबा पुरतो. फुली मारल्यावर कागद आधी उभा दुमडायला शिकवा, मग आडवा. आधीच आडवा दुमडला तर ओली शाई वरच्या निशाणीवरून खालच्या निशाणीवर उमटते आणि मोजताना भांडण होतं. एका मुलाने हे न ऐकता मत दिलं होतं. त्याच्या मतपत्रिकेवर एक ठळक फुली आणि एक पुसट. ती आम्ही बाजूला ठेवली आणि वीस मिनिटं त्यावर चर्चा केली. मतदाराचा मनोदय स्पष्ट दिसतो का? दिसत होता. मत धरलं. त्या वीस मिनिटांत मुलं जे शिकली ते मी तीन तास बोलून शिकवू शकले नसते.

आता ती एक खुर्ची.

ईशान्य केनियात सोमाली लोक राहत. त्यांच्यातल्या बहुतेकांना केनियात राहायचं नव्हतं, सोमालियात सामील व्हायचं होतं. ब्रिटिशांनी चौकशी केली, बहुमत कुठे आहे हे त्यांनाही दिसलं, आणि तरी मार्च १९६३मध्ये त्यांनी हा मुलूख केनियातच ठेवायचं ठरवलं. सोमालियाने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. सोमाली मतदारांनी निवडणुकीवर बहिष्कार घातला. पाच जागा रिकाम्या राहिल्या.

म्हणून ईशान्येच्या गटाला कुणीही मत द्यायचं नाही. त्यांनी मतदानाच्या वेळी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं राहायचं. या गटासाठी शांत, विचारी मुलं निवडा आणि त्यांना आधी एकट्याने बसवून सगळं समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाटतं टीचरने आपल्याला खेळातून काढलं. त्यांनी एक निवेदन लिहायचं, चार ओळींचं, आणि निकालानंतर वाचायचं. निकाल लागला की निवडून आलेली मुलं आपापल्या प्रांताच्या खुर्च्यांवर बसतात, आणि ती एक खुर्ची तशीच राहते. बाक असतं तर दोघांच्या मध्ये कुणीतरी सरकून जागा भरली असती. खुर्ची भरता येत नाही. स्वातंत्र्यानंतर त्या मुलखात कित्येक वर्षं रक्त सांडलं, हेही मुलांना सांगा, पण निवेदन वाचून झाल्यावर.

मोजणी उघड्यावर करा, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर. आधी मतदारसंघांप्रमाणे कागद वेगळे, मग प्रत्येक मत मोठ्याने वाचून फळ्यावर रेघ. तुमच्या वर्गाचा निकाल खऱ्या निकालासारखा येईलच असं नाही, आणि तो ओढूनताणून आणू नका. माझ्याकडे दोनदा काडू जिंकली. तुमचे आकडे लिहून झाल्यावर शेजारी खरे आकडे लिहा, खास निवडीच्या बारा जागा धरून : कानू ८३, काडू ३३, आफ्रिकन पीपल्स पार्टी ८, रिकाम्या ५. खुर्च्यांत सांगायचं तर सोळा-सतरा, सहा-सात, दीड आणि एक.

मग उरलेल्या दोन खुर्च्या. या मतदारांच्या नाहीत, बसलेल्या सदस्यांनी भरायच्या. मुलं लगेच म्हणतात, “टीचर, मग जिंकलेलेच दोन्ही घेणार!” हो, बहुमताचं पारडं तिथे जडच असतं. त्यांना तसं करू दे आणि हरलेल्यांचे चेहरे बघू दे. याच वेळी पिंटोंचं सांगा. नैरोबीत १९२७ साली जन्मलेला गोंयकार, शिक्षण भारतात. मुंबईत असताना गोव्याच्या मुक्तीसाठी काम केलं. केनियाला परतल्यावर ब्रिटिशांनी १९५४ साली पकडून मांडा बेटावर डांबलं. सुटल्यावर कानूच्या वर्तमानपत्रांसाठी आणि निवडणुकांसाठी राबला. १९६४ साली तो अशाच खास निवडीच्या जागेवरून संसदेत गेला. २४ फेब्रुवारी १९६५ला नैरोबीत त्याच्या घराच्या फाटकापाशी त्याला गोळ्या घालून मारलं. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. सात-आठ महिने त्या खुर्चीवर बसला. मी हे सांगते तेव्हा त्या खुर्चीवरच्या मुलाला उठवत नाही. तो आपणहून पाय जवळ घेऊन नीट बसतो.

शेवटचा तास १२ डिसेंबरला. केन्याटा झालेल्या मुलाने किंवा मुलीने सरकार बनवायचं आणि “हरांबे” म्हणायचं, म्हणजे सगळे मिळून ओढू या. त्यानंतर पुढच्या वर्षाचं थोडक्यात सांगा. काडूचे सदस्य एकेक करून समोरच्या बाजूला जाऊ लागले. वर्गात हे प्रत्यक्ष करा : खुर्च्या उचलून पलीकडे न्यायला लावा. नोव्हेंबर १९६४मध्ये काडूने स्वतःला विसर्जित केलं आणि देशात विरोधी पक्ष उरला नाही. १२ डिसेंबर १९६४ला प्रजासत्ताक आलं, प्रांतांच्या हातची सत्ता गेली.

काडूची मुलं इथे चिडतात. चांगले बोलणारे आहेत, भांडतातच. एका वर्षी काडूच्या पुढारी मुलीने खुर्ची उचलायला साफ नकार दिला. “मी नाही जाणार तिकडे,” म्हणाली आणि खुर्ची घट्ट धरून बसली. तिला मी उठवलं नाही. २०१०च्या राज्यघटनेने केनियात ४७ काउंटी, म्हणजे जिल्ह्यांसारखे विभाग, केल्या, सिनेट परत आणलं, सत्ता पुन्हा खाली वाटली, हे मी त्या दिवशी सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे किती वर्षांनी?” आम्ही फळ्यावर वजाबाकी केली. १९६४ ते २०१०, सेहेचाळीस. तिने तो आकडा वहीत लिहिला, आणि मग खुर्ची उचलून कोपऱ्यात ढिगावर ठेवली, कारण शाळा सुटायची घंटा झाली होती आणि शिपाईमामांना वर्ग झाडायचा होता.